वीज किती वाजताची?

सातारा जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे एसटीने निघालं की दिवसभरात हवामान पार पालटतं. पाटण-जावळीच्या घाटमाथ्यावर आषाढात धुकं इतकं उतरतं की समोरून येणारी गाडी हॉर्नवरूनच ओळखायची. त्याच दिवसांत माण तालुक्यातला शेतकरी पेरणी खोळंबवून ढगांकडे बघत असतो. एका टोकाला पाच हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस, दुसऱ्या टोकाला पाचशेची मारामार. पाण्याची, वाऱ्याची आणि उन्हाची अशी तिन्ही प्रकारची वीज या एका जिल्ह्यात आहे. आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स करून मी आधी वाऱ्याच्या टोकाला नोकरी केली आणि पुढे उन्हाच्या टोकाला उपकेंद्रात यंत्रचालक झालो. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत किंवा पारावर कुणी विचारलं, ‘‘भाऊ, सोलर परवडतं का हो?’’ की माझा उलट प्रश्न ठरलेला असतो : ‘‘तुम्हाला वीज किती वाजता लागते?’’ लोकांना वाटतं हा टाळतोय. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कळलेलं सगळं या एका प्रश्नात आहे.

पहिली नोकरी वनकुसवड्याच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या देखभालीची. तिथली बहुतेक यंत्रं तेव्हा साडेतीनशे किलोवॅटची. आजच्या मानाने ती चिल्लीपिल्लीच. आता एकेक यंत्र दोन-तीन मेगावॅटचं असतं. पण खालून मान वर केली की छाती दडपायची. मनोऱ्याच्या आतून लोखंडी शिडी, कमरेला पट्टा, पाठीला हत्यारांची पिशवी. वर नॅसेलमध्ये, म्हणजे यंत्रखोलीत, पोचलं की पहिली काही मिनिटं काम सुचायचं नाही, कारण पायाखालची खोली हळूहळू डोलत असायची. तिला तसं डोलू देणंच बरोबर असतं, हे समजायला वेळ लागला.

वाऱ्याचं गणित भलतंच कडक. वेग निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, आठव्या हिश्शावर येते. जून ते सप्टेंबर पठारावर वारा असा सुटतो की बोललेलं शेजारच्याला ऐकू जात नाही. वर्षभरातली निम्म्याहून अधिक वीज हेच चार महिने देतात. दसरा झाला की पाती सुस्तावतात. ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात गावोगाव पंखे चालू आणि आमचे पंखे बंद, असा उफराटा कारभार. त्यात मेख अशी की बिघाड बहुतेक पावसाळ्यात व्हायचे, कारण यंत्र तेव्हाच जोरात राबतं. आणि वारा एका हद्दीपलीकडे असला तर वर चढायला परवानगी नसते. जुलैत बंद पडलेलं यंत्र वारा पडेपर्यंत तसंच उभं राहायचं. वारा फुकट असतो हे खरं, पण तो आला त्या घटकेला यंत्र तयार नसेल तर त्याचा काही उपयोग नाही.

पठारावर आणखी एक गोष्ट बघितली, तिचा अर्थ फार उशिरा लागला. चाळकेवाडीच्या बाजूला कातळावर सरडे फार. नर उन्हात दगडावर चढून गळ्याखालची निळी-काळी-नारिंगी झालर फुलवतो, असा रंग की जेवणाचा डबा बाजूला ठेवून बघत बसावं. २०१८ मध्ये संशोधकांनी याच पठारावरचा अभ्यास प्रसिद्ध केला : पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आणि त्यामुळे हे सरडे भरपूर, शिवाय निर्धास्त. ससाणे-घारी गेल्या म्हणून सरड्यांचं राज्य आलं. धूर नाही, राख नाही, कोळसा नाही. तरी पठार पूर्वीचं राहिलं नाही. ‘स्वच्छ ऊर्जा’ हा शब्द मी तेव्हापासून जरा जपून वापरतो.

खालच्या गावांतून आणि पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांतून एक तक्रार कायम यायची की या पंख्यांनी ढग पळवले. ढग किती उंचावर असतात, त्यांच्यापुढे आमचं पातं केवढं, हे मी चहाच्या टपरीवर किती वेळा सांगितलं असेल. लोक ऐकून घ्यायचे आणि मग म्हणायचे, ‘‘बरं, ढग नाही पळवले. पण आमच्या डोंगरावरची वीज जाते कुठं?’’ याला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. वीज मोठ्या लाईनवरून ग्रिडला जायची. गावाच्या वाट्याला कच्चा रस्ता, दोन-चार रखवालदारांच्या नोकऱ्या आणि हातातून आधीच निघून गेलेली जमीन.

आमच्या साइटवरचे रखवालदार मामा कोयनेचे धरणग्रस्त. त्यांच्या बोलण्यात याचंच आधीचं प्रकरण असायचं. १९६० च्या दशकात कोयना उभी राहिली, तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे उतरलं आणि महाराष्ट्राच्या कारखान्यांना वीज मिळाली. आज चारही टप्पे आणि पायथ्याचं वीजगृह धरून कोयनेची क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे. मामांचं मूळ गाव शिवसागर जलाशयाच्या तळाशी, आणि नव्या जागी घरात दिवा लागला तो मामा बाप्ये झाल्यावर. पाण्याची वीजही नूतनक्षमच. तिची किंमत कुणी मोजली, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. याच्याही आधी, १९२१ मध्ये, मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या मागे उभं राहून टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. जमीन कुणाची आणि वीज कुणाला, हा झगडा महाराष्ट्राला शंभर वर्षांहून जुना आहे. सौरऊर्जा आली म्हणून तो आपोआप मिटत नाही.

कोयनेच्या पाण्यालाही मर्यादा आहे, ती पाणीवाटपाच्या लवादाने घातलेली. पश्चिमेकडे विजेसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी. दुष्काळी वर्षात त्यातही हात आखडावा लागतो, कारण पूर्वेकडची शेती त्याच पाण्यावर डोळे लावून बसलेली असते. हे पाणी पश्चिमेला सोडलं की वीज देतं आणि पूर्वेला टेंभूसारख्या उपसा योजनेतून वर चढवायचं तर वीज खातं. पाटणला नोकरी करताना मला यातली पहिलीच बाजू दिसायची. माणला आल्यावर दुसरी कळली.

आमचं उपकेंद्र ३३/११ केव्हीचं. आवारात ट्रान्सफॉर्मर, बाहेर पडणारे फिडर, ब्रेकर, बॅटऱ्यांची खोली आणि आत एक टेबल, त्यावर लॉगशीट. दर तासाला उठायचं, प्रत्येक फिडरचे अँपिअर, व्होल्टेज, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान लिहायचं. बाहेरून बघणाऱ्याला हे कारकुनी काम वाटतं. पण त्या रकान्यांवरून गाव काय करतंय ते कळतं. पहाटे पाचला गावठाण फिडर चढला की पाणी तापायला लागलं. दुपारी उतरला की माणसं शेतात. क्रिकेटचा सामना, गावची जत्रा, दहावीची परीक्षा, सगळं अँपिअरमध्ये उमटतं.

सौर प्रकल्प यायच्या आधी शेतीच्या फिडरला पाळीपाळीने वीज असायची. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी म्हणजे आमचा आणि शेतकऱ्याचा दोघांचाही वनवास. थंडीत मध्यरात्री दारं धरायला जायचं, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात खोरं, पायाशी साप निघेल की विंचू याचा नेम नाही. म्हणून प्रत्येकाने मोटरला ऑटो बसवलेला. लाईट आली की सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम उठायच्या. अँपिअरचा काटा टोकाला, व्होल्टेज तळाला, कुठेतरी डीपीचा फ्यूज जायचा, कुणाची मोटर जळायची आणि आमचा फोन सुरू : ‘‘साहेब, एक फेज गेलाय बघा.’’ जळालेली मोटर भरून आणायची म्हणजे खर्च तर आहेच, शिवाय ऐन वाढीत पिकाच्या दोन पाळ्या चुकतात. तो हिशेब कुठल्याच लॉगशीटमध्ये येत नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची. तिची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि उपकेंद्रांच्या आसपास छोटे छोटे सौर प्रकल्प उभे राहू लागले. खासगी जमीन द्यायची तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं. आमच्या उपकेंद्रालाही असाच एक प्रकल्प जोडला गेला आणि शेतीचा फिडर दिवसा चालू झाला. फायदा काय म्हणाल तर हा. कर्ब उत्सर्जन वगैरे सगळं खरं आहे, पण माझ्या डोळ्यांदेखत जे बदललं ते म्हणजे रात्री दोनचे फोन थांबले. शेतकरी आता मोटरजवळ उभा राहून बटण दाबतो, त्यामुळे सगळ्या मोटरी एका क्षणाला उठत नाहीत. बायकाही दारं धरताना दिसतात. रात्रीच्या अंधारात त्यांना कुणी धाडत नव्हतं. आमच्या इथे एक आजी भाजीचा वाफा स्वतः भिजवते. सहा महिन्यांनी मला म्हणाली, ‘‘लेका, दिवसाची लाईट ही खरी लाईट.’’

पैशाचीही बाजू आहे. या प्रकल्पांची वीज युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास मिळते आणि तो दर पंचवीस वर्षं बांधलेला असतो. कोळसा महागला, मालगाड्या अडकल्या, तरी त्याला धक्का नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषीपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे. ती वीज कुणीतरी विकत घ्यायचीच आहे, तर स्वस्तातली असलेली बरी.

आता दुसरी बाजू, तीही लॉगशीटमधूनच. सौर प्रकल्पाच्या रकान्यात सकाळी सातला नाममात्र आकडा, अकराला भरभरून, दुपारी तीनपासून उतार, संध्याकाळी साडेसहाला शून्य. कागदावर आलेख काढला तर उपडी ठेवलेली पाटी. आणि नेमका साडेसहालाच गावठाण फिडर चढायला लागतो : दिवे, टीव्ही, पिठाची गिरणी, मिक्सर. राज्यभर हेच चित्र. महाराष्ट्राची मागणी आता ३०,००० मेगावॅटपर्यंत जाते. संध्याकाळी सूर्य मावळतो म्हणून ती थांबत नाही. औष्णिक संच बटण दाबून चालू होत नाही, थंड संच पेटवायला तास न् तास जातात. म्हणून दुपारी ऊन भरपूर असतानाही कोळशाचे संच कमी भारावर धगधगत ठेवावे लागतात. साधारण ५५ टक्क्यांखाली त्यांना उतरवणंही अवघड. संध्याकाळचा खड्डा भरायला खरी कामाला येते ती कोयना, कारण पाण्याचा संच काही मिनिटांत भार घेतो. सौरऊर्जेचा सगळ्यात मोठा आधार जुनं धरण आहे, हे लोकांना सांगितलं की पटत नाही.

उन्हाबद्दलही एक गैरसमज पक्का आहे. एप्रिल-मेमध्ये माणचं ऊन डोळे पोळून काढतं, तेव्हा वीज सर्वाधिक मिळत असेल असं वाटतं. पॅनेलची क्षमता मोजतात ती २५ अंश तापमानाला. मेच्या दुपारी पॅनेलची काच पासष्ट अंशांपर्यंत तापते आणि वरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के घट धरली तर चौदा ते सोळा टक्के वीज तापण्यातच जाते. फेब्रुवारी-मार्चचं निवळ आकाश आणि त्यातला वारा पॅनेलला जास्त मानवतो. शिवाय धूळ. काच धुवायला एका पॅनेलला दीड-दोन लिटर पाणी, एका मेगावॅटमागे जवळजवळ दोन हजार पॅनेल. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकर लागतो, तिथे पॅनेल धुणाऱ्या टँकरकडे लोक कोणत्या नजरेने बघतात ते मी बघितलंय.

वळवाच्या पावसात तिसरी गोष्ट घडते. झाडाची फांदी तारेवर पडते, लाईन ट्रिप होते. तासाभरात आभाळ मोकळं, लख्ख ऊन. पण लाईन दुरुस्त होईपर्यंत सौर प्रकल्प हात बांधून उभा. ग्रिड नसेल तर त्याचे इन्व्हर्टर आपणहून बंद होतात. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी सूर्यघर योजनेत छपरावर तीन किलोवॅट बसवले, ७८,००० रुपये अनुदान मिळालं, बिल नावापुरतं उरलं. पहिल्यांदा दुपारी लाईट गेली तेव्हा त्यांचा फोन आला. ‘‘अहो, सूर्य डोक्यावर आहे आणि माझा पंखा बंद कसा?’’ मी म्हटलं, ‘‘गुरुजी, आमचा वायरमन परमिट घेऊन खांबावर चढलाय. तुमच्या छपरावरची वीज तारेत उतरली तर त्याचं काय होईल?’’ गुरुजी क्षणभर थांबले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे वीज माझी, पण तार तुमची.’’ इतक्या नेमकेपणाने मलाही सांगता आलं नसतं. लाईट गेल्यावरही घर चालवायचं तर बॅटरी हवी आणि बॅटरी आली की परवडण्याचं गणित पुन्हा मांडावं लागतं.

तार, खांब, ट्रान्सफॉर्मर, वायरमन हे सगळं तसंच लागतं, किंबहुना जास्त लागतं. पूर्वी एका बाजूने लाईन बंद केली की काम सुरू करता यायचं. आता दुसऱ्या टोकालाही वीज तयार होते, म्हणून दोन्हीकडून अलग करणं, अर्थिंग करणं, पुन्हा तपासणं. प्रकल्पाच्या उद्घाटनाला फीत कापतात, जुन्या खांबाला मात्र कुणी हार घालत नाही. निधी कुठे कमी पडतो हे यावरून समजावं.

सौर पंपाचंही तेच. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीसाठी पाच. जिथे लाईन पोचलेली नाही अशा वस्तीवर हा पंप म्हणजे वरदान, यात शंका नाही. पण माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या पंपाचा कंट्रोलर गेला आणि दुरुस्तीवाला आज येतो उद्या येतो करत ज्वारी निसवण्याचे दिवस निघून गेले. शिवाय वर्षातले कितीतरी महिने शेताला पाणी लागत नाही; तेव्हा त्या पॅनेलची वीज कुणाच्याच कामाला येत नाही. फिडरला जोडलेल्या प्रकल्पाची उरलेली वीज निदान दुसऱ्या गावाला जाते. आणि विहिरीत पाणी आहे तोवर फुकट उपसा चालूच राहतो. ऊन दरवर्षी येतं, भूजल येत नाही. माणच्या माणसाला हे सांगावं लागू नये, तरी पाणी दिसलं की ऊस लावायचा मोह कुणाला सुटलाय?

गायरानाचा प्रश्न तर माणदेशात थेट पोटाचा. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते. कागदावर ती पडीक, पण तिथे मेंढरं चरतात. कुंपण पडलं तेव्हा एका म्हाताऱ्या मेंढपाळाने मला विचारलं होतं, ‘‘साहेब, ऊन तर सगळ्यांचंच हाय, मग तारेच्या आत आमची मेंढरं का न्हाईत?’’ काही ठिकाणी पॅनेलखालचं गवत मेंढ्यांना चारू देतात. प्रकल्पाचीही गवत कापायची कटकट वाचते. अशी वाट करारातच लिहून ठेवायला हवी, रखवालदाराच्या मर्जीवर सोडायला नको.

तरीही कुणी विचारलं की मग कोळसाच बरा का, तर माझं उत्तर साफ ‘नाही’ असं आहे. एका युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो, त्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राख म्हणून उरतो आणि ती राख कुणाच्या तरी अंगणात, छातीत जाते. आपल्या घरातला दिवा कुठल्या गावाच्या श्वासावर जळतोय, हे न दिसणं ही कोळशाची सोय आहे. ऊन-वाऱ्याच्या विजेची किंमत निदान समोर दिसते, म्हणून तिच्यावर भांडता येतं.

फक्त आकडे वाचताना सावध राहावं. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्मा झाला, ही मोठीच मजल. पण एक मेगावॅट सौर प्रकल्प वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिट देतो आणि तेवढाच औष्णिक संच सत्तर टक्के भारावर चालला तर साठ लाखांच्या वर. म्हणूनच प्रत्यक्ष युनिटांत कोळसा अजूनही ७० टक्क्यांच्या आसपास आहे. क्षमता हा बातमीचा आकडा, युनिट हा लॉगशीटचा.

माझ्या मते पुढची वाट एका स्रोताची नाही. पावसाळ्यात ऊन कमी होतं तेव्हा पठारावर वारा सुटतो आणि कोयना भरते. वारा पडल्यावर आभाळ निवळून ऊन येतं. निसर्गाने महिन्यांची वाटणी बरीचशी करून दिली आहे. तासांची वाटणी आपल्याला करायची आहे. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे. अशा प्रकल्पात दुपारची स्वस्त वीज वापरून पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं. चार युनिट घालून तीन परत मिळतात, पण ती हव्या त्या वेळी. बॅटऱ्याही त्याच कामाला येतील. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काम उन्हाच्या वेळेत नेणं. आमच्या गावच्या गिरणीवाल्याला मी हेच सांगतोय, दळण दुपारी घे. तो म्हणतो, बायका संध्याकाळीच येतात. त्याचंही खरं आहे. दिवसभर रोजगारावर असलेल्या बाईला दुपारी गिरणीत ये म्हणणारा मी कोण? यंत्राची वेळ बदलायची तर आधी माणसाच्या दिवसाची घडी बदलावी लागते, आणि ती कुठल्याही अनुदानात बसत नाही.

म्हणून सोलर बसवायला निघालेल्या प्रत्येकाला मी सांगतो : बसवा, खुशाल बसवा. फक्त सह्या करण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. वीज कोणत्या तासाला लागते, बिघडलं तर कोण आणि किती दिवसांत येणार, लाईन गेली तर काय, आणि ती जमीन आज कुणाच्या पोटाला लागते. चारांची उत्तरं मिळाली तर हा सौदा चांगला आहे. एकाचं जरी मिळालं नाही, तरी ते उत्तर मिळेपर्यंत पेन खिशातच राहू द्या.